रातांब्याचं यंत्र: प्रदर्शनात मांडलेल्या शोधाचं पुढे काय झालं

हे प्रकरण सिंधुदुर्गातल्या एका वर्कशॉपचं आहे. संबंधितांच्या संमतीने लिहितो आहे, पण गाव, माणसं आणि समोरचा उत्पादक यांची ओळख काढून टाकली आहे. ज्यांचं हे यंत्र आहे त्यांना इथे अण्णा म्हणतो आणि त्यांच्या थोरल्या भावाच्या पत्नीला वहिनी. मी नोंदणीकृत पेटंट एजंट आहे आणि या कामात पहिल्यापासून शेवटपर्यंत होतो. त्यामुळे चुका झाल्या त्यातल्या काही माझ्याही आहेत.

पार्श्वभूमी

मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात कुडाळ-सावंतवाडीच्या पट्ट्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, एकदम पिकतात. कुणी त्यांना भिरंडा म्हणतं. पाऊस दारात उभा असतो आणि पिकलेलं फळ तीन-चार दिवसांच्या वर थांबत नाही. त्या थोड्या दिवसांत फळ आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, नाहीतर सुरीने कापायचं, गर आणि बिया वेगळ्या काढायच्या, साल त्याच्याच रसाची पुटं देत उन्हात वाळवायची, तेव्हा आमसूल होतं. बिया धुऊन वाळवल्या की त्यांचं कोकमतेल निघतं, म्हणून बी अखंड राहिली तर तिला भाव असतो. कापणारे हात बहुतेक बायकांचे. फळातल्या आम्लाने आठ दिवसांत बोटांची सालं निघतात, नखांच्या कडा काळ्या पडतात. वहिनींच्या बचत गटात अशा चौदा जणी होत्या.

अण्णांचं वेल्डिंग आणि फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. आयटीआय झालेले, ग्रील, गेट, पॉवर टिलरची दुरुस्ती ही रोजची कामं. २०१८च्या हंगामात त्यांनी पहिलं यंत्र केलं. वर हॉपर, खाली वाट्या लावलेला पट्टा आणि पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना ठरावीक अंतरावर पाती. फळ वाटीतून पुढे सरकलं की कापलं जाई. यंत्र चाललं. २०१९च्या उन्हाळ्यात त्यांनी तशी तीन यंत्रं ओळखीतल्या लोकांना विकली. जानेवारी २०२० मध्ये तालुक्याच्या कृषी प्रदर्शनात ते मांडलं. एका स्थानिक वर्तमानपत्रात फोटोसकट बातमी आली आणि पुतण्याने चार मिनिटांचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. घरात आनंद होता, आणि तो असायलाच हवा होता.

यंत्रात एक खोट होती. रातांबे एका मापाचे नसतात. लहान फळ अर्धवट कापलं जाई आणि मोठ्या फळात पातं बियांपर्यंत घुसे. टाळेबंदीच्या काळात वर्कशॉपला काम नव्हतं, तेव्हा अण्णांनी मागच्या पडवीत दुसरं यंत्र जुळवायला घेतलं. मे २०२१ मध्ये गटातल्या चौघींनी घरच्याच फळांवर ते चालवून पाहिलं. त्याची गोष्ट पुढे येते.

अडचण

सप्टेंबर २०२१ मध्ये अण्णा माझ्याकडे आले. हातात एक रंगीत पत्रक होतं. घाटावरच्या एका यंत्र-उत्पादकाने कोकम कापणी यंत्र बाजारात आणलं होतं आणि पत्रकावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'पेटंट पेंडिंग', म्हणजे पेटंटचा अर्ज केलेला आहे. त्याच मे महिन्यात त्या उत्पादकाचा माणूस वर्कशॉपवर येऊन गेला होता. 'दहा यंत्रांची ऑर्डर देतो' म्हणाला, अंगणातल्या जुन्या यंत्राची टेपने मापं घेतली, फोटो काढले. ऑर्डर आली नाही.

अण्णांचा प्रश्न सरळ होता. "आम्ही आधी केलं, तर पेटंट आमचंच ना?"

याचं उत्तर देणं हा माझ्या कामातला सगळ्यात जड भाग असतो. भारतीय पेटंट कायदा १९७० प्रमाणे शोध नवा असावा लागतो, आणि नवा म्हणजे अर्जाच्या तारखेआधी तो कुठेही जाहीर झालेला किंवा वापरात आलेला नसावा. कुणी जाहीर केला याला सहसा महत्त्व नसतं. शोधकाने स्वतः अभिमानाने दाखवला तरी तो जाहीरच झाला. तीन यंत्रांची विक्री, प्रदर्शन, बातमी आणि व्हिडिओ, या चार दारांनी जुन्या यंत्राचं नावीन्य केव्हाच निघून गेलं होतं.

कलम ३१ मध्ये प्रदर्शनासाठी बारा महिन्यांची सवलत आहे. पण ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरतीच. तालुक्याचं कृषी प्रदर्शन त्यात कुठून असणार? शिवाय बारा महिने उलटूनही गेले होते.

हे ऐकून अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे लपवून ठेवलं असतं तर माझं राहिलं असतं?" कायद्यापुरतं उत्तर 'हो' असंच होतं. कोकणातला कारागीर वस्तू घडवतो ती चारचौघांना दाखवूनच. पाहणारा काहीतरी सुचवतो, त्यातून ती सुधारते. ही रीत आणि हा कायदा यांची गाठ पडते तेव्हा नुकसान नेहमी कारागिराच्या वाट्याला येतं.

त्याच दिवशी मी पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर उत्पादकाचं नाव घालून शोधलं. अर्ज सापडला. जुलै २०२१ मध्ये दाखल झालेला, लवकर प्रकाशनाची विनंती जोडलेली, म्हणून ऑगस्टमध्येच प्रसिद्ध झालेला. नाहीतर अठरा महिने तो दिसलाच नसता. आकृत्या उघडल्या आणि अण्णांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. फ्रेमच्या डाव्या अंगाला एक आडवी पट्टी होती. तिचं यंत्रात काहीही काम नाही. २०१८ साली अँगल चार इंच कमी पडला म्हणून अण्णांनी तो जोड दिला होता. समोरच्याने तीही जशीच्या तशी काढली होती.

पर्याय

पहिला विचार मनात आला तो जुन्या यंत्रावरच अर्ज करून नशीब अजमावण्याचा. मी तो तिथल्या तिथे नाकारला. आपणच जाहीर केलेली गोष्ट नवी म्हणून सांगायची हे खोटं ठरलं असतं, आणि पहिल्याच तपासणीत उघडं पडलं असतं. आकृतीबंधाची, म्हणजे डिझाइनची नोंदणीही याच कारणाने बाद झाली. तिथेही वस्तू आधी जाहीर झालेली चालत नाही, आणि तसंही ती नोंदणी रूपाला संरक्षण देते, यंत्राच्या चालण्याला देत नाही.

गुजरातेतल्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाचा पर्याय खरा होता. खेड्यापाड्यातल्या, औपचारिक शिक्षण कमी असलेल्या शोधकांना ही संस्था पेटंटसाठी मदत करते आणि अर्ज शोधकाच्याच नावाने होतो. वेळ हाताशी असता तर मी तिकडेच पाठवलं असतं. पण दोन घड्याळं चालू होती.

एक घड्याळ समोरच्या अर्जाचं. प्रकाशनानंतर सहा महिने पेटंट मंजूर होत नाही, ते फेब्रुवारी २०२२ मध्ये संपणार होते. दुसरं घड्याळ पडवीतल्या नव्या यंत्राचं. मे २०२१ मध्ये चौघी बायकांनी ते चालवलं होतं, मग तेही जाहीर झालं का? इथे कलम ३२ कामाला आलं. वाजवी चाचणीसाठी, आणि ती चाचणी लोकांसमोर करणं गरजेचं होतं म्हणून केलेला वापर, एक वर्षाच्या आत अर्ज केला तर आड येत नाही. मी चौघींना वेगवेगळं भेटलो. मजुरी कुणाला मिळाली नव्हती, माल विकला गेला नव्हता, फोटो कुणी काढला नव्हता. मापं घेणाऱ्या माणसाला पडवीत नेलं नव्हतं, आणि त्याच्या आकृत्यांवरूनही ते पटत होतं. म्हणजे मे २०२२ च्या आत अर्ज गेला तर नवं यंत्र वाचत होतं.

ठरलं ते असं. जुनं यंत्र कुणाचंच होऊ द्यायचं नाही आणि नव्या यंत्रावर अर्ज करायचा.

कृती: आमचा अर्ज

नव्या यंत्रात पातं फळावरून जात नाही. फळ दोन रबरी रुळांच्या मध्ये स्वतःभोवती फिरतं, आणि वजन लावलेल्या दांडीवरचं पातं त्याला हलकेच टेकलेलं असतं. पात्याशेजारी एक छोटी चकती सालीवर टेकून चालते, त्यामुळे पातं सालीच्या जाडीपेक्षा खोल जात नाही. फळ लहान असो वा मोठं, दांडी आपोआप वरखाली होते.

अर्जाचा मसुदा घेऊन मी घरी गेलो तेव्हा त्यात शोधक म्हणून एकट्या अण्णांचं नाव होतं. मी वाचून दाखवत होतो आणि वहिनी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सुरी नाय फिरवची, फळ फिरवचा, ह्या मी सांगितलंय." अण्णांनी लगेच मान डोलावली. वीस वर्षं रातांबे कापताना त्या सुरी स्थिर धरत आणि अंगठ्याने फळ फिरवत. बी लागली की हाताला कळतं, तिथे थांबायचं. यंत्राचा सगळा गाभा त्या एका सवयीत होता. आणि मी तीन भेटींमध्ये त्यांना एकदाही काही विचारलं नव्हतं.

मसुदा बदलला. दोघं सहशोधक आणि दोघं सहअर्जदार. हे केवळ न्याय्य होतं म्हणून केलं. त्याचा एक फायदा नंतर लक्षात आला. अर्जदार व्यक्ती असतील आणि त्यांतली किमान एक महिला असेल, तर २०१९च्या नियमबदलापासून जलद तपासणी मागता येते. फक्त फायद्यासाठी बाईचं नाव घालणारेही मी पाहिले आहेत. तसं करू नये. शोधक नसलेल्याला शोधक म्हणणं हा पुढे पेटंटच्या मुळावर येणारा दोष आहे.

ऑक्टोबर २०२१ मध्ये तात्पुरतं विनिर्देशपत्र, म्हणजे शोधाचं पहिलं वर्णन, दाखल केलं. व्यक्तीसाठी ऑनलाइन शुल्क १,६०० रुपये. त्यानंतर पूर्ण विनिर्देशपत्रासाठी बारा महिने मिळतात. मधला २०२२चा हंगाम त्यासाठी फार मोलाचा ठरला. दांडीवर किती वजन ठेवायचं, रुळांचा वेग किती ठेवायचा, हे आकडे त्या मे महिन्यात हाती आले आणि ते पूर्ण विनिर्देशपत्रात गेले. त्यासोबत लवकर प्रकाशनासाठी २,५०० आणि जलद तपासणीसाठी ८,००० रुपये भरले. म्हणजे सरकारी शुल्क एकूण १२,१०० रुपये. माझी फी मी घेतली नाही. पण ती धरली तर एकट्या कारागिराला हा खर्च कितपत झेपेल? अण्णांना आधी दुसरीकडे सांगितलेला आकडा पन्नास हजारांच्या वर होता.

अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीतच द्यावा लागतो. स्वतःच्या शोधाचं वर्णन अण्णांना आणि वहिनींना वाचता आलं नाही. मी ते ओळीओळीने मराठीत सांगितलं आणि दोन ठिकाणी त्यांनीच माझी चूक पकडली.

कृती: त्यांच्या अर्जाला विरोध

पेटंट मंजूर होण्याआधी कलम २५(१) खाली कुणीही विरोध नोंदवू शकतं. डिसेंबर २०२१ मध्ये आम्ही तो केला. तेव्हा त्याला शुल्क नव्हतं.

कोणत्या कारणावर विरोध करायचा, यावर घरात भांडणाची वेळ आली. कायद्यात पहिलंच कारण आहे ते अर्जदाराने शोध दुसऱ्याकडून गैरमार्गाने मिळवल्याचं. अण्णांना तेच हवं होतं. 'चोरलं' हा शब्द सरकारी कागदावर यावा, एवढंच त्यांचं मागणं होतं. माझा सल्ला वेगळा होता. जे यंत्र प्रदर्शनात मांडलं आणि विकलं, ते कुणी पाहून मोजलं तर त्याला गैरमार्ग म्हणणं सिद्ध करायला अवघड. आणि ते सिद्ध करता करता मुख्य मुद्दा पातळ झाला असता. म्हणून आम्ही आधीचं प्रकाशन, आधीचा सार्वजनिक वापर आणि शोधपायरीचा अभाव (म्हणजे जाणकाराला सहज सुचेल असंच ते आहे) एवढीच तीन कारणं घेतली.

पुरावे जमवताना कळलं की अण्णांनी दिलेल्या पावत्यांवर तारीखच नव्हती. तीन गिऱ्हाइकांपैकी एकाने धनादेश दिला होता. २०१९ सालची पासबुकातली ती एक नोंद सगळ्या कागदांत वजनदार ठरली. बातमीचं कात्रण, प्रदर्शनात शेजारच्या स्टॉलवर असलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रं आणि त्यांचे इंग्रजी अनुवाद जोडले. आणि व्हिडिओ. ज्या व्हिडिओने अण्णांचं स्वतःचं पेटंट घालवलं, त्यातच ती बिनकामाची आडवी पट्टी स्वच्छ दिसत होती.

फलित

सुनावणी व्हिडिओ कॉन्फरन्सवर झाली, मुंबईला जावं लागलं नाही. २०२३च्या मध्याला समोरचा अर्ज नाकारला गेला. निर्णयात सार्वजनिक वापर आणि आधीचं प्रकाशन ही कारणं होती. जुनं यंत्र आता कुणीही बनवू शकतं, तो उत्पादकही. त्याने पत्रकावरचे ते दोन शब्द काढले. आमच्या भागातली दोन वर्कशॉपं तेच यंत्र बनवतात, अण्णांनी त्यांना मापं लिहून दिली.

आमच्या अर्जावरचा तपासणी अहवाल २०२३च्या सुरुवातीला आला होता. हरकती दोन. एक, परदेशातल्या एका फळ कापण्याच्या यंत्रापुढे यात शोधपायरी नाही. दुसरी, कलम ३(फ) खाली, ही माहीत असलेल्या भागांची नुसती मांडणी आहे. उत्तरात आम्ही दाखवलं की रूळ, दांडी आणि चकती सुटी सुटी काम करत नाहीत. फळ फिरलं नाही तर चकतीला अर्थ नाही आणि चकती नसेल तर वजनाला अर्थ नाही. २०२२च्या हंगामातले आकडे इथे उपयोगी पडले. दावा, म्हणजे पेटंटमध्ये नेमका कशावर हक्क मागितला ते वाक्य, बराच आवळावा लागला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पेटंट मिळालं, दोघांच्या नावाने. मुदत ऑक्टोबर २०२१ पासून वीस वर्षं.

एक सल मात्र राहिली. विरोधाच्या निर्णयात 'विरोधकाने प्रदर्शित केलेलं यंत्र' असे शब्द आहेत. ते यंत्र मुळात कुणाच्या डोक्यातून आलं, हे त्या पानांत कुठेच नाही, कारण आम्ही तसा मुद्दाच मांडला नव्हता. अण्णांनी निर्णय ऐकला आणि विचारलं, "माझं नाव कुठे आहे?"

काय वेगळं करता आलं असतं

ते पहिलं कारण आज मी सोडलं नसतं. ते टिकलं नसतं तरी बाकीची तीन उभीच होती, आणि मापं घ्यायला आलेल्या माणसाची हकिगत नोंदीत राहिली असती. खटल्याच्या डावपेचापायी मी अण्णांच्या मनातली गोष्ट बाजूला ठेवली, याची मला आजही टोचणी आहे.

अण्णांच्या बाजूने पाहिलं तर जानेवारी २०२०च्या आधी तात्पुरता अर्ज गेला असता तर निदान त्यांनी स्वतः मांडलेलं प्रदर्शन आणि स्वतःचा व्हिडिओ आड आला नसता. पण २०१९ची विक्री आलीच असती. म्हणजे खरा क्षण त्याहूनही आधीचा, पहिलं यंत्र विकण्यापूर्वीचा. त्या क्षणी त्यांना हे सांगणारं कोण होतं? प्रदर्शन भरवणाऱ्यांच्या अर्जात स्टॉलचं भाडं, वीज, टेबल-खुर्च्या सगळं होतं. 'नवी वस्तू मांडणार असाल तर आधी पेटंटचा अर्ज केला आहे का' ही एक ओळ नव्हती. ती छापायला काहीही खर्च येत नाही.

पण सगळा भार कारागिराच्या सावधपणावर टाकणं मला मान्य नाही. अमेरिका, जपान, दक्षिण कोरिया या देशांत शोधकाने स्वतः जाहीर केल्यानंतरही अर्ज करायला एक वर्ष मिळतं. जपानने ही मुदत २०१८ साली सहा महिन्यांवरून वर्षावर नेली. आपल्याकडे २०२४च्या नियमांत कलम ३१च्या सवलतीसाठी स्वतंत्र नमुना आला, पण सवलत होती तेवढीच राहिली. व्यक्ती म्हणून अर्ज करणाऱ्याला स्वतःच्या जाहीर करण्यापासून एक वर्ष मिळावं, एवढा बदल तरी व्हावा. यावर एक खरा आक्षेप आहे. त्या वर्षभरात तेच यंत्र पाहून बनवणाऱ्या दुसऱ्या लहान वर्कशॉपचं काय? त्यांना पुढे नोटीस आली तर तेही आपल्यातलेच. म्हणून अर्जाआधी ज्याने प्रामाणिकपणे बनवायला सुरुवात केली त्याला तेवढं बनवत राहण्याची मुभा सोबतच असायला हवी.

लहान सुधारणांसाठी जर्मनीत १८९१ पासून कमी मुदतीचं, सोपं संरक्षण आहे. त्याला तिथे पेटंटइतकी तपासणी लागत नाही. केंद्राच्या औद्योगिक धोरण विभागाने २०११ मध्ये आपल्याकडे असं काही असावं का यावर चर्चापत्र काढलं होतं. त्यानंतर कायदा झाला नाही. तपासणीविना मिळणारे हक्क मोठे उत्पादकच ढिगाने घेतील आणि अण्णांसारख्यांना त्यांचीच भीती घालतील, अशी मला शंका वाटते. माझं मत वर्षाच्या सवलतीच्या बाजूने आहे.

आणि २०२४ पासून मंजुरीपूर्व विरोधाला शुल्क लागू झालं आहे. त्रास देण्यासाठीच केलेले विरोध कमी व्हावेत हा हेतू मला समजतो. पण स्वतःचं यंत्र दुसऱ्याच्या नावावर जाऊ नये म्हणून दार ठोठावणाऱ्यालाही आता आधी पैसे मोजावे लागतात. अशा व्यक्तीला ते माफ असायला हवेत.

सध्याची स्थिती

गेल्या हंगामात मालवणच्या बाजूला एका यंत्रावर फिरते रूळ आणि टेकती दांडी दिसल्याचं पुतण्याने सांगितलं. अण्णांनी आणि मी ते जाऊन पाहिलं. चकती आहे, फक्त जागा बदलली आहे. दावा आवळताना आम्ही चकतीची जागा 'पात्यालगत' अशी लिहिली होती, आणि आता सगळा प्रश्न त्या एका शब्दावर येऊन थांबला आहे.

एक नोटीस पाठवली आहे, उत्तर आलेलं नाही. खटला भरायचा तर ओरोसच्या जिल्हा न्यायालयात भरता येईल. पण समोरच्याने पेटंटच रद्द करा अशी उलट मागणी केली की प्रकरण उच्च न्यायालयात जातं. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्याने निदान त्यासाठी मुंबई गाठावी लागणार नाही. अण्णांचं म्हणणं, लढायचं. वहिनी म्हणतात, तो बनवणारा कोण आहे ते आधी जाऊन भेटूया, त्याला आपल्या परवान्यावर बनवू दे आणि यंत्रामागे काहीतरी देऊ दे. पुढच्या रविवारी त्या दोघांसोबत मी मालवणला जातो आहे. परवान्याच्या कराराचा मसुदा या वेळी आधी मराठीत लिहिला आहे.